फ्लॉपीतला फॉक्सप्रोचा डेटा आजच्या कॉम्प्युटरवर आणताना

सुरुवात जुना प्रोग्रॅम चालवून बघण्यापासून करू नका. पतपेढी, जिनिंग किंवा केळीच्या आडतीसाठी कधीकाळी लिहून दिलेलं फॉक्सप्रोचं (डॉसच्या काळातल्या डेटाबेस प्रोग्रॅमचं) काम माळ्यावर पडलं असेल, तर आधी फ्लॉपीची इमेज (बाइट न् बाइट तशीच नक्कल) काढायची, बाकी सगळं नंतर.

पत्र्याखालचा माळा खान्देशच्या मे महिन्यात भट्टीच असतो, म्हणून हे काम हिवाळ्यात काढा. साडेतीन इंची फ्लॉपीचं पत्र्याचं झाकण सरकवून आत बघा. पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी. अशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नका; हेड खराब होतं आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीही त्यात जातात. कोपऱ्यातली खिडकी उघडी ठेवा, म्हणजे चुकून काही लिहिलं जात नाही. यूएसबी ड्राइव्ह फक्त साडेतीन इंची वाचतो. सव्वापाच इंचीला जुना ड्राइव्ह आणि त्याचं कंट्रोलर लागतंच.

इमेज काढायला लिनक्सवर डीडीरेस्क्यू हा प्रोग्रॅम वापरा. साध्या कॉपीला खराब सेक्टर (फ्लॉपीवरचा न वाचता येणारा तुकडा) आला की ती तिथेच अडते. डीडीरेस्क्यू तो सोडून पुढे जातो आणि शेवटी परत फिरून प्रयत्न करतो. १.४४ एमबीच्या फ्लॉपीची पूर्ण इमेज बरोबर १४,७४,५६० बाइटची असते. पीकेझिपने (फाइली दाबून लहान करणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमने) अनेक फ्लॉप्यांवर पसरवलेला बॅकअप असेल तर उलगडताना शेवटची फ्लॉपी आधी मागितली जाते, कारण फाइलींची यादी तिच्यावर असते.

मग इमेजच्या नकलेवर काम करा. तिच्यातल्या फाइली एका फोल्डरात काढा. डॉसबॉक्समध्ये (आजच्या कॉम्प्युटरवर डॉस चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) तो फोल्डर सी ड्राइव्ह म्हणून माउंट करून फॉक्सप्रो उघडा आणि टेबल उघडणारी ‘यूज’ आणि रकाने दाखवणारी ‘लिस्ट स्ट्रक्चर’ एवढ्याच आज्ञा द्या. उघडलं नाही तर हेक्स एडिटरमध्ये (फाइलीचे कच्चे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) पहिला बाइट बघा: ०३ म्हणजे मेमो (लांब मजकुराचा रकाना) नाही, ८३ म्हणजे डीबेस या जुन्या डेटाबेसचा मेमो, एफ५ म्हणजे फॉक्सप्रोचा. मेमोची एफपीटी फाइल हरवली असेल तर फॉक्सप्रो टेबल उघडतच नाही. खोडलेली नोंद ‘पॅक’ ही आज्ञा देऊन कायमची काढेपर्यंत फाइलीतच असते, तिच्या पहिल्या बाइटला फक्त तारा लागतो. ‘सेट डिलीटेड ऑफ’ करून ‘फॉर डिलीटेड()’ लावून त्या वेगळ्या काढा. ‘सेट डिलीटेड ऑन’ ठेवून उरलेल्या नोंदी ‘कॉपी टू… डिलिमिटेड’ने टेक्स्टमध्ये काढा. मेमो यात येत नाहीत, ते स्वतंत्र काढावे लागतात.

तारखा फाइलीत आठ अंकी आणि पूर्ण वर्षासह असतात, तरी घोळ असतोच. २००० नंतर कुणी नुसतं ०१ टाइप केलं असेल तर ते १९०१ म्हणून बसलेलं असतं.

सगळ्यात जास्त वेळ मराठी नावं खातात. सीडॅक या सरकारी संस्थेच्या जिस्ट कार्डावर (जुन्या कॉम्प्युटरवर भारतीय लिपी आणणाऱ्या कार्डावर) टाइप केलेली नावं इस्कीत, म्हणजे भारतीय लिपींच्या युनिकोडआधीच्या कोडात असतात. फाइलीत नक्की असणार असं एखादं आडनाव घ्या. आपल्याकडे ‘पाटील’ सापडणारच. त्याचे बाइट सी८, डीए, बीडी, डीसी, डी१ असे दिसले तर ती शुद्ध इस्की, आणि आयसीयू या लिपी-लायब्ररीतला यूकॉन्व्ह प्रोग्रॅम ती थेट युनिकोडात नेतो. दुसरेच बाइट दिसले तर पीसी-इस्की असण्याची शक्यता मोठी. तिच्यात डॉसच्या पडद्यावरच्या चौकटीच्या रेषांची जागा सोडून अक्षरं बसवलेली असतात. अशा वेळी पाटील, चौधरी, महाजन, कोळी या आडनावांवरून कोणता बाइट म्हणजे कोणतं अक्षर याचा तक्ता बनवायला घ्या. हे रूपांतर डीबीएफमध्येच (फॉक्सप्रोच्या टेबलाच्या फाइलीत) करायला जाऊ नका. युनिकोडात (यूटीएफ-८ रूपात) देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट घेतं, रकान्याची लांबी मात्र ठरलेली असते. नाव कापलं जातं किंवा पुढचा सगळा रेकॉर्ड सरकतो.

नोंदींची संख्या टेबलाच्या फाइलीच्या सुरुवातीच्या हेडरच्या चार ते सात क्रमांकाच्या बाइटांत असते (मोजणी शून्यापासून). जिवंत आणि खोडलेल्या मिळून तेवढ्याच भरल्या पाहिजेत. रकमेच्या रकान्याची बेरीज जुन्या छापील तेरीजेशी ताडून बघा.

राहिले कोड. कापसाच्या रकान्यातला ‘३’ म्हणजे कोणती जात, खात्याचा ‘के’ म्हणजे कर्ज की केळी, हे प्रोग्रॅमच्या फाइलीतही बहुधा सापडत नाही. प्रत्येक टेबलाशेजारी एक साधी टेक्स्ट फाइल ठेवून आठवतं तेवढं त्यात आजच लिहून टाका. खात्री नसेल तिथे प्रश्नचिन्ह द्या.