धर्मशिक्षणाच्या तासाला या चुका टाळा

पुण्यातील ख्रिस्ती प्राथमिक शाळेत धर्मशिक्षणाचा तास घेणाऱ्या नव्या शिक्षकाने आधी हजेरीपट नीट वाचावा. वर्गात हिंदू, मुस्लिम, बौद्ध मुले असतात आणि ख्रिस्ती मुलांतही कोणी कॅथलिक, कोणी मेथडिस्ट, तर कोणी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळीतले असते. रविवारच्या शाळेचा धडा जसाच्या तसा येथे उघडणाऱ्याच्या पुढच्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे दृष्टांत न वाचताच त्याचे नाटुकले बसवणे. एका शाळेत तिसरीच्या मुलांनी येशूने सांगितलेली चांगल्या शोमरोन्याची गोष्ट सादर केली: वाटेत पडलेल्या जखमी माणसाला मंदिराचा याजक (पुरोहित) आणि मंदिरातला सेवक लेवी टाळून जातात, आणि परका शोमरोनी मदत करतो. जखमी माणसाला टाळून जाणारा याजक मुलांना चटकन ओळखू यावा म्हणून बाईंनी त्या मुलाला भाड्याने आणलेले सोवळे नेसवले, कपाळी गंध लावले आणि लेव्याच्या गळ्यात जानवे घातले. संध्याकाळी फोटो पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेले आणि दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या घंटेआधीच, भिक्षुकी करणारे एक पालक मुख्याध्यापिकांच्या दारात उभे होते. "बाबा, तुम्हीही असे टाकून जाता का?" असे त्यांच्या मुलाने घरी विचारले होते. बाईंचा हेतू वाईट नव्हता. त्यांनी इंटरनेटवरून तयार कृतिपत्रिका उतरवली होती आणि बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय, जिथे ही गोष्ट आहे, तो उघडला नव्हता, एवढेच.

तो अध्याय वाचला असता तर कळले असते की याजक, लेवी, प्रश्न विचारणारा शास्त्री आणि गोष्ट सांगणारा येशू हे सारेच यहूदी आहेत. ही घरच्याने घरच्यांची केलेली कानउघाडणी आहे. यहूदी आणि शोमरोनी यांचे वैर आधी सांगितले नाही, तर गोष्टीत 'मदत करा' एवढेच उरते आणि तेवढ्यासाठी यरुशलेमला जाण्याची गरज नाही. मी पात्रांना साध्या चादरी देते, कोणत्याही धर्माची खूण अंगावर ठेवत नाही आणि यरुशलेमहून यरीहोला उतरणारी निर्जन वाट सांगताना रात्री एकट्याने दिवेघाट उतरण्याची कल्पना करायला लावते. मग गप्प बसते. ज्यांना तात्पर्य फळ्यावर लिहिण्याची घाई असते, त्यांनी मुले प्रश्न विचारत नाहीत अशी तक्रार करू नये.

'देव शिक्षा करील' हे वाक्य वर्गात नको. एदेन बागेतल्या फळाला बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकात सफरचंद म्हटलेले नाही आणि मत्तयाने आपल्या शुभवर्तमानात बाळ येशूला भेटायला आलेल्या मागी (ज्ञानी) लोकांची संख्या दिलेली नाही; नाताळच्या देखाव्यावरून शास्त्र शिकवू नये.

पाठांतराची सक्ती ही दुसरी जुनी खोड. 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' हे बायबलमधले तेविसावे स्तोत्र अडखळले म्हणून मुलाला वर्गाबाहेर उभे करण्यापेक्षा, दिवाळीनंतर धनगरांचे कळप शहराबाहेरच्या रस्त्यांवर दिसतात तेव्हा मेंढपाळ काय करतो, ते पाहून यायला सांगावे. स्तोत्र आपोआप पाठ होते.

संमतीची बाब तर कायद्याचीच आहे. संविधानाच्या अनुच्छेद 28(3) नुसार शासनमान्य किंवा अनुदानित शाळेत अल्पवयीन मुलाला पालकांच्या संमतीवाचून धर्मशिक्षणाला बसवता येत नाही. ही संमती जूनमध्येच लेखी घ्यावी, प्रवेश अर्जाच्या बारीक अक्षरांत दडवू नये. संमती नसलेल्या मुलांना त्या तासाला व्हरांड्यात बसवून ठेवणे ही शिक्षाच होय. त्यांच्यासाठी मूल्यशिक्षणाचा तास त्याच वेळी, वेगळ्या खोलीत आणि खरोखर शिकवणाऱ्या शिक्षकाकडे असावा.