पडझड झालेलं घर कंत्राटदाराच्या हाती देण्याआधी

घरात शिरलेलं पाणी ओसरलं किंवा आग विझली, की घर कधी एकदा पूर्वीसारखं होतंय असं होऊन जातं. पण कंत्राटदाराला बोलावण्याआधीची काही कामं आपलीच असतात. ती राहिली, तर पुढे कितीही चांगला माणूस मिळाला तरी उपयोग होत नाही.

आधी जिवाचं बघा. मेन स्विच आणि गॅस बंद करा. मात्र मेन स्विचपर्यंत साचलेल्या पाण्यातून जावं लागत असेल तर जाऊ नका, वीज कंपनीला बाहेरूनच पुरवठा तोडायला सांगा. स्लॅब झुकलेला वाटतोय, दारं अचानक चौकटीत अडकायला लागलीत किंवा खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग गेलीय, यातलं काहीही दिसलं तर स्ट्रक्चरल इंजिनिअर पाहून जाईपर्यंत आत पाऊल टाकू नका. हा इंजिनिअर कंत्राटदाराने आणलेला नसावा, आपण स्वतंत्र फी देऊन बोलावलेला असावा. किती तोडायचं हे ठरवणारा आणि तोडण्याचे पैसे घेणारा एकच असला, तर आपल्या बाजूने बोलणारं कुणी उरत नाही.

झाडू हातात घेण्याआधी फोटो काढा. प्रत्येक खोली चारही कोपऱ्यांतून, मग नुकसान जवळून. पाणी भिंतीवर जिथवर चढलं होतं त्या रेघेशी मोजपट्टी धरून एक फोटो हवाच. विमा असेल तर कंपनीला लगेच कळवा आणि नुकसानीची पाहणी करणारा सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत तोडफोड थांबवा. पाणी उपसणं, छपरावर ताडपत्री टाकणं हे मात्र थांबवायचं नाही. नुकसान वाढू न देणं ही आपलीच जबाबदारी धरली जाते. त्या खर्चाची बिलं जपून ठेवा.

आता वाळवण्याबद्दल. सगळ्यात जास्त घाई इथेच होते आणि सगळ्यात जास्त पैसा इथेच वाया जातो. ओल्या लाकडावर, प्लायवर, गाद्यांवर २४ ते ४८ तासांत बुरशी धरू लागते, म्हणून खिडक्या उघडणं, वीज सुरू करणं सुरक्षित असेल तर पंखे लावणं, भिजलेलं सामान बाहेर काढणं पहिल्याच दिवशी व्हायला हवं. भिंतीचं गणित उलटं आहे. ती वरून हाताला कोरडी लागते, पण विटांच्या पोटात पाणी असतं आणि जाड भिंत पुरती वाळायला कित्येक आठवडे जातात. आमच्या घरी एकदा अशाच ओल्या भिंतीवर पुट्टी आणि रंग चढवला गेला. काही महिन्यांत पोपडे सुटले आणि सगळं खरवडून पुन्हा करावं लागलं. तेव्हापासून मी कंत्राटदाराला पहिला प्रश्न हाच विचारते: भिंत वाळलीय हे तुम्ही कशावरून ठरवता? ओल मोजायचं मीटर वापरणारा माणूस भेटला तर उत्तम. नाहीतर भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दुसऱ्या दिवशी बघा. आतल्या बाजूला दव दिसलं तर रंगाचं नाव काढू नका.

आगीचं घर असेल तर काजळी ओल्या फडक्याने पुसू नका, ती पसरते आणि भिंतीत मुरते. ती बरेचदा आम्लयुक्त असते, त्यामुळे नळ, बिजागऱ्या, उपकरणं आधी स्वच्छ करून घ्यावीत. काँक्रीटला गुलाबी छटा आलेली दिसली तर इंजिनिअरला आवर्जून दाखवा. साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापलेल्या काँक्रीटमध्ये असा रंग येऊ शकतो आणि त्याची ताकद कमी झालेली असू शकते.

यानंतर कोटेशन. निदान तिघांकडून घ्या, पण तिघांनाही कामाची एकच यादी देऊन. ‘दुरुस्ती, एकरकमी’ असं लिहिलेला कागद परत करा. प्रत्येक काम, त्याचं माप, दर आणि सामानाचा दर्जा वेगवेगळा लिहून मागा. उघड्या पडलेल्या सळईवर नुसता गिलावा ओढणार, की सैल काँक्रीट काढून, गंज घासून, लेप देऊन मगच भरणार, हे कागदावर दिसलं पाहिजे. टेकू, परांची आणि राडारोडा उचलण्याचा खर्च कुणाचा हेही. सगळ्यात स्वस्त कोटेशनमध्ये बहुधा यातलंच काहीतरी गाळलेलं असतं. आपत्तीनंतर स्वतःहून दारावर येऊन ‘आजच सही करा’ म्हणणाऱ्याला नकार द्या. ज्याचं काम होऊन वर्ष उलटलंय असं घर दाखवायला सांगा आणि तिथल्या माणसांशी स्वतः बोला.

करारात पैसे टप्प्यांनी द्यायचे ठरवा आणि पाच-दहा टक्के रक्कम शेवटच्या पाहणीपर्यंत हातात ठेवा. वाढीव काम दोघांच्या सहीशिवाय सुरू होणार नाही, हे लिहून घ्या. मजुरांचा अपघात विमा आहे का, ते विचारा. वॉटरप्रूफिंग असेल तर फरशी बसवण्याआधी किमान २४ तास पाणी भरून ठेवायची चाचणी करारातच घाला. आणि भिंती उघड्या आहेत तोवर आतल्या वायरी, पाइप यांचे मोजपट्टीसह फोटो काढून घ्या. एकदा गिलावा झाला की पुढे खिळा ठोकताना त्या कुठून गेल्यात हे फक्त त्या फोटोंतच दिसेल.