पोस्टफिक्स लॉग रिपोर्ट: एकाच मेलला दोन प्रेषक दिसत होते

पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या लॉगवरून काढलेल्या रिपोर्टमध्ये एकाच क्यू आयडीखाली (रांगेतल्या मेलला मिळणारी ओळखखूण) दोन वेगळे प्रेषक. वेळेनुसार सॉर्ट केलं, दुबार ओळी गाळल्या; आकडे आणखीच बिघडले. अक्षरशः रडकुंडीला आलो होतो.

कारण असं की पोस्टफिक्स छोटे आयडी पुन्हा वापरतं. मेल रांगेतून गेला की तोच आयडी नव्या मेलला मिळू शकतो.

आधी रिपोर्टच्या स्क्रिप्टमध्ये ‘रिमूव्ह्ड’ची (मेल रांगेतून गेल्याची) ओळ दिसताच त्या आयडीची नोंद बंद केली; जुने लॉग एवढ्यानेच सुधारले. मग पुढे लांब आयडी वापरायचे म्हणून लॉगमधले आयडी ओळखणारा रेगेक्स (मजकूर शोधायचा साचा) बदलला. छोट्या आयडीत ०-९ आणि ए ते एफ एवढंच असतं, लांब आयडीत स्मॉल अक्षरंही येतात. रेगेक्स बदलायचा राहिला तर लांब आयडीच्या नव्या ओळी गुपचूप गळतात. शेवटी लांब आयडी सुरू करायला मेन.सीएफ या पोस्टफिक्सच्या सेटिंग फाइलमध्ये ‘एनेबल_लाँग_क्यू_आयडीज = येस’ लिहून पोस्टफिक्स रीलोड केलं. ही सोय पोस्टफिक्सच्या आवृत्ती २.९ पासून आहे.