लाईट गेली की शॉर्टवेव्ह लावा

सोलापुरात लाईट गेली की लोक वैतागतात, मी रेडिओ घेऊन गच्चीवर पळतो. शॉर्टवेव्हवर, म्हणजे रेडिओच्या दूरदूरची स्टेशनं पकडणाऱ्या पट्ट्यावर, दूरचं स्टेशन बुडवणारी खरखर बऱ्याचदा आपल्या नाहीतर शेजारच्या घरातूनच येते. एलईडी बल्ब, मोबाईलचा चार्जर, आणि आमच्या पूर्व भागात तर मागच्या गल्लीतले यंत्रमाग. वीज गेली की सगळं एकदम गप्प! इन्व्हर्टर मात्र बंद ठेवा, तोही कमी त्रासदायक नाही.

सेट सेलवरच चालवा. 8-10 मीटर साधी वायर टाकीपासून कपड्यांच्या दांडीपर्यंत ताणा आणि एक टोक चिमट्याने एरियलला लावा. त्याहून लांब लावायचा मोह नको. छोटा सेट गोंधळतो, एकच जोरदार स्टेशन चार ठिकाणी ऐकू येतं. विजेच्या तारांपासून लांब राहा, वळवाचे ढग दिसले की वायर काढून ठेवा.

अंधार पडल्यावर 31, 41 आणि 49 मीटर बँड (शॉर्टवेव्हचे लहान लहान पट्टे) धुंडाळा. दिवसा वातावरणाचा एक थर या लहरी शोषून घेतो, सूर्य मावळला की तो विरतो. दुपारी 19 किंवा 16 मीटर बरा.

सुरुवातीला 10000 किलोहर्ट्झवर काटा आणा. चीनच्या बीपीएम या वेळ सांगणाऱ्या स्टेशनची सेकंदागणिक टिकटिक तिथे लागू शकते. ऐकलेल्या स्टेशनची वेळ वहीत टिपताना आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करा, स्टेशनांची वेळापत्रकं यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेतच असतात.