ड्युटी चार्टमध्ये एकाची सोय करताना

‘सगळ्यांना एकच नियम लावा’ असं सांगणाऱ्यानं पंचवीस-तीस माणसांचा ड्युटी चार्ट कधी लावलेला नसतो. महाराष्ट्रात २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानं शोरूम वर्षाचे ३६५ दिवस उघडं ठेवता येतं. मग रविवार सगळ्यांना कसा मिळणार? ‘साहेब, मला तेवढी सकाळपाळी द्या’ हे ऐकावं लागणारच.

१. अर्ज लेखी घ्या. कोणती पाळी, कधीपासून, कधीपर्यंत. दोन ओळी पुरतात.

२. हक्काचं आधी बाजूला काढा. त्यावर विचार करायचा नसतो, ते द्यायचं असतं. आठवड्याला सलग २४ तास सुट्टी. ती देता आली नाही तर दोन महिन्यांच्या आत बदली सुट्टी. बाईला रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात लावायचं तर तिची संमती हवी. ती ‘नाही’ म्हणाली की विषय संपला, घरच्या चौकशा नकोत. मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत आईला जेवणाच्या सुट्टीशिवाय दिवसातून दोनदा पाजायला वेळ. मतदानाला पगारी सुट्टी. सणांच्या ८ पगारी सुट्ट्यांपैकी ४ ठरलेल्या आहेत, उरलेल्या ४ वर्ष सुरू होण्याआधी कामगारांसोबत बसून ठरवायच्या. ईद की नाताळ हे डिसेंबरातच मिटवा.

३. आता सवलत. मला सगळ्यात जास्त झुंजवलं ते या पायरीनं. सल्ले मिळतात ते ‘माणुसकी दाखवा’ किंवा ‘एकाला दिलं की सगळे मागतात’. दोन्ही निरुपयोगी. खरी गोम वेगळीच आहे: सवलतीला शेवटची तारीख नसते.

मुलाची शाळा साडेबाराला सुटते म्हणून एकाला कायम सकाळपाळी मिळते, तोंडी. मुलगा पहिलीतून सहावीत जातो, एकटा सायकलनं येतो, तरी बाप सकाळपाळीलाच. दुपारपाळी करणारे मनातल्या मनात हिशेब ठेवतात. शेवटी एक दिवस तुम्ही चिडून त्याचं नाव दुपारच्या रकान्यात टाकता आणि तो म्हणतो, ‘ही माझी नेहमीची वेळ आहे.’ त्यात तथ्य असतं. वर्षानुवर्षं चाललेली सवलत सेवाशर्तींत मोडू शकते, आणि मग ती काढायला २१ दिवसांची नोटीस द्यावी लागते.

म्हणून पत्र द्या, आणि त्यात असं लिहा: ‘१ जून ते ३१ ऑगस्ट सकाळपाळी. त्यानंतर नेहमीप्रमाणे फिरती पाळी. मुदतवाढ हवी असल्यास १५ ऑगस्टपर्यंत नवा अर्ज.’ खाली दोघांच्या सह्या. ‘पुढील आदेशापर्यंत’ हे शब्द माझ्या पत्रात चालत नाहीत. तो पुढचा आदेश कुणीच काढत नाही.

सही करण्याआधी आणखी एक काम. त्याच्या वाटची दुपारपाळी कुणावर पडणार आहे त्याला बोलावून विचारा. चार्टवर नाव बघून त्याला कळलं, तर तुम्ही एकाची सोय करून दुसऱ्याशी वैर घेतलंत. आणि कारण फाईलमध्येच राहू द्या. कुणाच्या आईचं डायलिसिस चालू आहे हे नोटीस बोर्डावर कशाला?

नाही म्हणायचं तर तेही लेखी, कारणासह, त्याच आठवड्यात. ‘बघू’ हे उत्तर नव्हे. पूर्ण सकाळपाळी जमत नसेल तर आठवड्यातले तीन दिवस देता येतात का, ते पाहा. बऱ्याचदा माणसाला तेवढंच हवं असतं.

४. पाळ्यांची आपसातली अदलाबदल. दोघांच्या सह्या घ्या आणि तास मोजा. आठवड्याचे ४८ ओलांडले की दुप्पट दरानं ओव्हरटाइम. ‘त्यांनी आपसात ठरवलं’ ही सबब चालत नाही. रात्रपाळीवाल्याचंही बघा. रविवारी सकाळी सातला सुटलेल्याला सोमवारी सातला बोलावलं तर कागदावर २४ तास भरतात, पण त्याची सुट्टी झोपेत गेलेली असते. मी सोमवारी त्याला दुपारपाळीच लावतो.

५. चार्ट गुरुवारी बोर्डावर लावा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकला तरी सहीची प्रत मस्टरसोबत ठेवा.