गट नंबर सांगणारा माणूस खात्यातलाच कशावरून? स्वतःची उघड माहिती तपासण्याची पद्धत

फोनवरचा माणूस तुमचं पूर्ण नाव, गट नंबर, शिवारातलं क्षेत्र आणि कोणत्या बँकेचं पीककर्ज आहे हे धडाधड सांगतो. एवढं ठाऊक आहे म्हणजे विमा कंपनीचा किंवा कृषी खात्याचाच माणूस, असं वाटतं आणि पुढचा ओटीपी आपसूक दिला जातो. यातली एकही गोष्ट गुप्त नसते. उघड ठिकाणांहून माहिती वेचण्याच्या या कामाला ओसिंट म्हणतात. ठग ते तुमच्यावर करतो, तर तुम्ही आधी स्वतःवर करा.

एक वही घ्या. एका रकान्यात काय सापडलं, दुसऱ्यात कुठं सापडलं, तिसऱ्यात काढून टाकता येतं का.

सुरुवात सरकारी नोंदींपासून करा, कारण मराठवाड्यात सगळ्यात जास्त माल तिथंच आहे. जमिनीच्या नोंदींच्या ‘महाभूलेख’ या सरकारी साइटवर जिल्हा, तालुका, गाव निवडून नुसत्या आडनावानंही सातबारा शोधता येतो. वरच्या भागात खातेदार आणि क्षेत्र, खालच्या बारामध्ये पिकाची नोंद. पण नीट बघायचा तो ‘इतर अधिकार’चा रकाना. बँकेच्या किंवा सोसायटीच्या कर्जाचा बोजा तिथं नावानिशी, बहुतेकदा रकमेसकट दिसतो. ‘तुमचं कर्ज माफीत बसलंय’ हा फोन इथूनच तयार होतो. मग पीएम किसानची गाववार लाभार्थी यादी आणि मतदार यादी बघा. मतदार यादीत वय, घर क्रमांक आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मिळतं. यातलं काहीच पुसता येत नाही. म्हणून वहीत उतरलेली कोणतीही गोष्ट फोनवरच्या माणसानं सांगितली, तर ती ओळख म्हणून धरायची नाही. घरातल्या सगळ्यांना हा नियम सांगा, विशेषतः ज्यांच्या नावावर जमीन आहे त्या आईवडिलांना.

अतिवृष्टीच्या अनुदानाची यादी लागली की तिचा फोटो गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतो आणि तिथून कुठंही जातो. फक्त आपल्या ओळीचा फोटो घ्या. केवायसीसाठी यादीतला आपला विशिष्ट क्रमांक घेऊन सेवा केंद्रावर जा; फोनवर आलेल्या लिंकवरून करू नका.

आता गूगल. नाव दुहेरी अवतरणात टाका, मराठीत आणि इंग्रजीत. आडनावाचं स्पेलिंग जितक्या तऱ्हांनी होतं तितक्या वेळा शोधा (चव्हाण मंडळींना हे सांगायला नको). मोबाईल नंबर तीन प्रकारे शोधा: सलग १० अंक, मध्ये जागा सोडून ५-५, आणि पुढं ९१ लावून. शोधात पीडीएफ हा फाइलप्रकार (filetype:pdf) जोडला की गुणवत्ता याद्या, निविदा, संस्थांच्या सभासद याद्या वर येतात. मूल लातूरला ‘नीट’ परीक्षेच्या तयारीला असेल तर क्लासच्या निकालाची पोस्टरंही बघा. फोटो, गुण आणि गाव एकत्र मिळालं, की ‘मेडिकलची सीट करून देतो’ म्हणणाऱ्याला अजून काय हवं? क्लासला पोस्ट काढायला सांगता येतं, लेखी सांगा.

नंतर नंबर. दुसऱ्याच्या ट्रूकॉलरवर आणि यूपीआय ॲपमध्ये स्वतःचा नंबर टाकून कोणतं नाव दिसतं ते पाहा. व्हॉट्सॲपचा फोटो आणि स्टेटस फक्त कॉन्टॅक्टना दिसेल असं करा, ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतं तेही तसंच बंद करा. दूरसंचार खात्याच्या ‘संचार साथी’ साइटवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते दिसतं. अनोळखी नंबर असेल तर तिथंच कळवा. ईमेल ‘हॅव आय बीन पॉन्ड’ या साइटवर टाका; कुठल्या साइटची माहिती फुटली त्यात तो होता का ते तिथं कळतं. अशा गळतीत सापडला तर तो पासवर्ड जिथं जिथं वापरला असेल तिथं सगळीकडं बदला. आधारची प्रत द्यावीच लागली तर शेवटचे ४ अंक दिसणारं मास्क्ड आधार द्या.

हीच अवजारं आलेला मेसेज तपासायलाही चालतात. लिंकमध्ये सुरुवातीचं ‘https://’ सोडून पुढच्या पहिल्या तिरक्या रेघेच्या आधीचा तुकडा उजवीकडून वाचा. सरकारी साइट बहुतेकदा ‘गव्ह डॉट इन’वर, काही ‘एनआयसी डॉट इन’वर संपतात. ‘पीएमकिसान-गव्ह’ असं पुढं लिहून शेवट डॉट कॉम, डॉट एक्सवायझेड असेल तर ती नकली. साइटच्या नावांची नोंद दाखवणाऱ्या ‘हूइज’वर ती कधी नोंदली ते कळतं. आठवडाभरापूर्वीची दिसली तर विषय संपला; पण जुनी आहे म्हणून खरी असंही नाही, कारण जुन्या साइटही फोडल्या जातात.

आरटीओ चलन, लग्नपत्रिका, पीएम किसान अशा नावानं एपीके फाइल (फोनमध्ये ॲप बसवणारी) आली तर ती उघडायचीच नाही. ती एसएमएस वाचायची परवानगी मागते आणि ओटीपी परस्पर पुढं पाठवते. फाइल तपासणाऱ्या ‘व्हायरसटोटल’ साइटवर टाकून ‘काही सापडलं नाही’ असं आलं तरी भरवसा नको. ताजी फाइल कुठल्याच यादीत नसू शकते. तिथं स्वतःची कागदपत्रं मात्र चढवू नका, फाइल इतर तपासणाऱ्यांनाही मिळते.

सगळ्यात जास्त घात होतो तो पडताळणी करतानाच. बँकेचा नंबर गूगलवर शोधायचा आणि वर आलेला पहिला लावायचा, तो ठगानंच पेरलेला असू शकतो. पासबुकवरचा किंवा कार्डामागचा नंबर लावा. ज्या नंबरवरून फोन आला त्यालाच ‘खरं का?’ विचारण्यात अर्थ नाही. पीकविम्याचं काही असेल तर तालुका कृषी कार्यालयात विचारा.

पैसे गेलेच तर आधी १९३० ही सायबर हेल्पलाइन, लगेच बँक. उशीर झाला की रक्कम चार खात्यांत फिरते आणि गोठवणं अवघड होतं. फोन लावताना यूपीआयचा १२ अंकी संदर्भ क्रमांक, रक्कम, वेळ आणि समोरचा नंबर हाताशी ठेवा. चॅट डिलीट करू नका. स्क्रीनशॉट तक्रारीला जोडावे लागतात.