कुबोचा सामना नेरुळमध्ये बसून कसा पाहावा

माझा भाचा बारा वर्षांचा आहे, डाव्या पायाने खेळतो, आणि जपानी फुटबॉलपटू ताकेफुसा कुबोचं नाव काढलं की ताटावरून उठतो. पण त्याने कुबोचा एकही सामना पूर्ण पाहिला नव्हता. सगळं वेड मोबाइलवरच्या क्लिप्सचं. त्या पाहून मैदानावर तो कुणाला पासच देईना. तेव्हापासून आम्ही मावशी-भाचे नव्वद मिनिटं बसून पाहतो. तुमच्या घरी असं कुणी असेल तर आमची पद्धत सांगते.

आधी वेळ. कुबो स्पेनमध्ये, रियाल सोसिएदाद क्लबकडून खेळतो. स्पेनचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. ऑक्टोबरअखेरपासून मार्चअखेरपर्यंत साडेचार. तिकडचा रात्री नऊचा सामना इथे साडेबाराला नाहीतर दीडला लागतो. दुसऱ्या दिवशी शाळा असेल तर तो सोडा. तिकडे दुपारी दोनला असलेला निवडा, म्हणजे मैदानावरून येऊन हातपाय धुतले की बसता येतं.

आता मुख्य गोष्ट: चेंडूवरून नजर काढा. फार जड जातं, पण काढा. रियाल सोसिएदादच्या निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांत १४ नंबर शोधा. तो बहुतेक वेळा उजव्या कडेला असतो, कारण डाव्या पायाच्या खेळाडूला तिथून आत वळलं की गोल समोर दिसतो. चेंडू मिळण्याआधी तो मान वळवून कुठे पाहतो, पहिली दहा मिनिटं एवढंच बघा. मग त्याच्या अंगावर येणारे बचावपटू मोजा. दोघं आले म्हणजे त्याचा कुणीतरी साथीदार मोकळा सुटलाय. त्याला दिलेला साधा पास क्लिपमध्ये येत नाही. भाचा अशा प्रत्येक पासला वहीत एक रेघ मारतो.

तो एवढा लाडका का, हे मुलं विचारणारच. 'जपानचा मेस्सी' म्हणून मोकळे होऊ नका. कावासाकीचा हा मुलगा २०११ मध्ये, दहा वर्षांचा असताना, बार्सिलोनाच्या अकादमीत गेला. अल्पवयीन परदेशी मुलांबाबतचे नियम मोडल्याबद्दल फिफाने क्लबला शिक्षा केली, त्याला अधिकृत सामने खेळता येईनात, आणि २०१५ मध्ये तो जपानला परतला. २०१९ मध्ये रियाल माद्रिदने घेतलं, पण मायोर्का, व्हिलारियाल, हेताफे अशा दुसऱ्या क्लबांकडे उसनवारीवर पाठवत राहिले. हक्काची जागा मिळाली ती २०२२ मध्ये, सान सेबास्तियानला, म्हणजे रियाल सोसिएदादमध्ये. मला तो आवडतो तो या फरफटीतून टिकला म्हणून. टोकियो ऑलिंपिकमध्ये गटातल्या तिन्ही सामन्यांत त्याने गोल केले, आणि कांस्यपदक हुकल्यावर मैदानातच ढसाढसा रडला. भाच्याला मी ते रडणं मुद्दाम दाखवलं.

आणि हेही सांगाच: २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात कुबो भारतात खेळून गेलाय. तेव्हा आपल्या डी. वाय. पाटील स्टेडियमवरही सामने झाले, पण जपानचे गुवाहाटी आणि कोलकात्याला होते. गुवाहाटीत होंडुरासला ६-१ हरवलं, त्यातला एक गोल कुबोचा. वय सोळा. हे ऐकल्यावर भाचा 'म्हणजे माझ्याकडे अजून चार वर्षं' असं बोटांवर मोजत बसला.